नामवंतांची यादी कशी वाचावी: नोटर डेम, जॉर्जटाऊन आणि बडोद्यातला एक प्रश्न

दांडिया बाजारातल्या एका आईचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलीला बारावीनंतर अमेरिकेतल्या नोटर डेम विद्यापीठात जीवशास्त्राच्या पदवीला प्रवेश मिळालाय, जॉर्जटाऊनचाही होकार आलाय. दोन्ही खासगी, दोन्ही कॅथलिक. दोन्हींच्या माजी विद्यार्थ्यांच्या आणि प्राध्यापकांच्या याद्यांमध्ये राष्ट्राध्यक्ष, न्यायाधीश, नोबेल विजेते आहेत. या नावांवर किती भिस्त ठेवायची? शिवाय सासऱ्यांची शंका आहे की पाद्र्यांच्या विद्यापीठात आपल्या मुलीला पाठवायचंच कशाला.

परदेशातल्या प्रवेशांबद्दल पालकांना सल्ला देणं हे माझं रोजचं काम आहे, आणि समोर बसणाऱ्यांच्या फाइलमध्ये अशा याद्यांचे प्रिंटआउट हमखास असतात. ताई, यादी टाकून देऊ नका. पण ती माणसं किती मोठी होती हे त्यात शोधू नका. कोणाला कोणी शिकवलं, किती काळ शिकवलं, आणि ती परंपरा आज चालू आहे का, एवढंच त्यात शोधा. यादीत नाव असणं आणि विद्यापीठाने माणूस घडवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आधी आपल्या गावचीच यादी घ्या. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या नामवंतांत श्री अरविंद असतात, दादासाहेब फाळके असतात. विद्यापीठ स्थापन झालं १९४९ मध्ये, हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू होत्या. अरविंदांनी बडोदा कॉलेजात इंग्रजी आणि फ्रेंच शिकवलं ते १९०६ च्या आधी, आणि फाळके शिकले ते कलाभवनात, जे १८९० मध्ये निघालं. या संस्था पुढे विद्यापीठात आल्या, म्हणून ही नावंही आली. यात खोटं काही नाही. फक्त तारीख बघावी लागते.

वेंकटरामन रामकृष्णन यांचं उदाहरण तर मी प्रत्येक पालकाला देते. शालेय शिक्षण बडोद्याच्या कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरीमध्ये, म्हणजे कॅथलिक नन्सच्या शाळेत. १९७१ मध्ये सयाजीराव विद्यापीठातून भौतिकशास्त्रात बीएस्सी. पीएचडी अमेरिकेतल्या ओहायो युनिव्हर्सिटीतून, १९७६ मध्ये. हे अथेन्स नावाच्या छोट्या गावातलं विद्यापीठ, प्रसिद्ध ओहायो स्टेट नव्हे. त्यानंतर भौतिकशास्त्र सोडून जीवशास्त्र शिकायला सॅन दिएगो, मग येल, ब्रुकहेवन, युटा, शेवटी केंब्रिज. २००९ मध्ये रायबोसोमवरच्या, म्हणजे पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेवरच्या, कामासाठी रसायनशास्त्राचं नोबेल. आज यातल्या कितीतरी संस्था त्यांना अभिमानाने आपला म्हणतात, आणि प्रत्येकीचं थोडं थोडं खरं आहे. पण जो मुलगा केवळ हे नाव वाचून यातल्या एखाद्या ठिकाणी जाईल, त्याच्या हाती काय लागणार हे नावावरून कळत नाही. रामकृष्णन यांचे वडील इथल्या बायोकेमिस्ट्री विभागाचे प्रमुख होते, आई संशोधक होत्या. घरात प्रयोगशाळेच्या गप्पा होत असणार, आणि ते कुठल्याही यादीत येत नाही.

आता नोटर डेमकडे वळू. कंडोलीझा राइस यांचं नाव तुम्ही ठळक अक्षरांत पाहिलं असेल. त्या तिथे होत्या हे खरं, पण १९७५ ची एमए एवढ्यापुरत्याच. बीए आणि पीएचडी दोन्ही डेन्व्हर विद्यापीठाची. त्यांना आंतरराष्ट्रीय राजकारणाची गोडी लावणारे जोसेफ कोर्बेल डेन्व्हरलाच शिकवत, आणि याच कोर्बेल यांची कन्या मॅडेलिन ऑलब्राइट १९८० च्या दशकात जॉर्जटाऊनला शिकवत होत्या. बापाची विद्यार्थिनी आणि मुलगी, दोघी अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री झाल्या. तुमच्या दोन्ही याद्यांत मिळून ही दोन नावं सापडतात, पण त्यांना जोडणारा शिक्षक तिसऱ्याच विद्यापीठातला निघतो.

प्राध्यापकांच्या यादीत कुर्ट गोडेल दिसला तर हुरळून जाऊ नका. विसाव्या शतकातला हा थोर तर्कशास्त्रज्ञ नोटर डेमला शिकवायला होता, पण १९३९ च्या वसंतातलं एक सत्र, एवढंच. मात्र यामागे एक गोष्ट आहे आणि ती विद्यापीठाबद्दल बरंच काही सांगते. व्हिएन्नाचे गणिती कार्ल मेंगर १९३७ पासून तिथे होते. नाझींच्या काळात युरोप सोडावा लागलेल्या विद्वानांना इंडियाना राज्यातल्या या विद्यापीठाने जागा दिली. एमिल आर्टिनसारखा बीजगणिती, ज्याची पत्नी ज्यू वंशाची असल्यामुळे हॅम्बुर्गची नोकरी गेली, तो १९३७-३८ मध्ये तिथेच होता. गोडेल आला तो मेंगरमुळे, आणि दोघांनी मिळून तर्कशास्त्राचा प्राथमिक वर्ग घेतला. गोडेलच्या नावाने तुमच्या मुलीला काही मिळणार नाही. पण अडचणीतल्या माणसाला दार उघडणारी संस्था हा स्वभाव मोलाचा आहे, आणि तो आज किती उरलाय हे विचारता येतं.

मानद पदव्यांचाही घोळ असतो. बराक ओबामांना नोटर डेमने २००९ मध्ये मानद पदवी दिली. त्यामुळे ते माजी विद्यार्थी होत नाहीत, पण फिरत्या याद्यांमध्ये अशी नावं मिसळलेली मी पाहिली आहेत. ती सरळ बाजूला काढा.

आता ज्या दोन नावांपाशी थांबावं असं मला मनापासून वाटतं, ती सांगते. दोन्ही विज्ञानातली आहेत, म्हणजे तुमच्या लेकीच्या वाटेवरची.

फादर ज्युलियस न्यूलँड. जन्म बेल्जियमचा, वाढले नोटर डेमच्या शेजारच्या साऊथ बेंड गावात, पदवी तिथलीच, १८९९ ची. पाद्री झाले, पीएचडी केली वॉशिंग्टनच्या कॅथलिक युनिव्हर्सिटीत, विषय ॲसिटिलीन वायू. त्या कामात ॲसिटिलीन आणि आर्सेनिक ट्रायक्लोराइड यांच्यातून इतकं विषारी द्रव्य निघालं की त्यांनी तो धागाच सोडून दिला. पुढे पहिल्या महायुद्धात तोच प्रबंध वाचून दुसऱ्यांनी ल्युइसाइट नावाचा विषारी वायू बनवला. न्यूलँड परत येऊन नोटर डेमला आधी वनस्पतिशास्त्र शिकवू लागले, मग सेंद्रिय रसायनशास्त्र. ॲसिटिलीन मात्र सुटलं नाही. हा वायू स्वस्त पण भडकणारा, दाबाखाली स्फोट व्हायची भीती, आणि हा माणूस वर्षानुवर्षं त्याच्या रेणूंना एकमेकांशी जोडायच्या मागे. १९२५ मध्ये एका परिषदेत त्यांनी ते काम मांडलं, ड्यूपाँट या रसायन कंपनीच्या एल्मर बोल्टन यांनी ते ऐकलं, आणि त्यातून १९३० च्या सुमाराला ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत क्लोरोप्रीन आणि त्याचं रबर तयार झालं. तेच निओप्रीन. मकरपुरा जीआयडीसीत कुठल्याही वर्कशॉपमध्ये जा, तेल लागलं तरी न फुगणारी गॅस्केट, होज पाइप, पट्टे यांत ते सापडेल. न्यूलँड यांनी गरिबीचं व्रत घेतलं होतं. रॉयल्टी विद्यापीठाकडे गेली, त्यांनी स्वतःसाठी ठेवली नाही. १९३६ मध्ये ते वारले तेही ज्या कॅथलिक युनिव्हर्सिटीत पीएचडी केली तिथल्या रसायनशास्त्राच्या इमारतीत.

याच न्यूलँड यांच्या प्रयोगशाळेत एक नॉर्वेत जन्मलेला पोरगा सहायक होता, नूट रॉकनी. १९१४ ला पदवी घेऊन तो रसायनशास्त्र शिकवायला राहिला आणि जोडीला अमेरिकन फुटबॉलचा, म्हणजे चेंडू हातात घेऊन खेळायच्या खेळाचा, संघ सांभाळू लागला. १९१८ पासून मुख्य प्रशिक्षक, १२२ सामन्यांपैकी १०५ जिंकले, १९३१ ला विमान अपघातात गेला. अमेरिकेत नोटर डेम म्हटलं की आजही आधी फुटबॉल आठवतो तो याच्यामुळे. यादीत रॉकनी खेळाच्या रकान्यात आणि न्यूलँड विज्ञानाच्या रकान्यात असतात. दोघं एकाच प्रयोगशाळेत काम करत होते हे रकान्यांमुळे लपतं.

दुसरं नाव एरिक विशाउस. १९६९ चे नोटर डेमचे जीवशास्त्राचे पदवीधर, १९९५ चे वैद्यकशास्त्रातले नोबेल विजेते. क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड यांच्यासोबत त्यांनी शोधलं की फळमाशीच्या अंड्यातून अळीचं शरीर खंडाखंडांत कसं आखलं जातं आणि त्यामागे कोणते जनुक आहेत. नोबेलचं काम झालं जर्मनीतल्या हायडेलबर्गला, नोटर डेमला नाही. मग मी त्यांचं नाव का घेते? कारण दुसऱ्या वर्षाला हातखर्चाला पैसे हवेत म्हणून त्यांनी तिथल्या हार्वे बेंडर या प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत नोकरी धरली होती. काम काय, तर फळमाश्यांचं खाणं शिजवायचं. हे खाणं म्हणजे सहसा मक्याचं पीठ, यीस्ट, साखर किंवा काकवी आणि अगर एकत्र शिजवून बाटल्यांत ओतलेला लगदा. त्या लगद्यापासून माशीपर्यंत आणि माशीपासून भ्रूणापर्यंत हा मुलगा गेला. पदवीच्या पोराला पीएचडीवाल्यांच्या प्रयोगशाळेत शिरायला मिळालं, ही खरी घटना आहे. तुमच्या मुलीच्या बाबतीत विचारायचा प्रश्न यातूनच निघतो: दुसऱ्या वर्षाच्या मुलीला आज तिथे कोणत्या प्रयोगशाळेत, कोणत्या अटीवर काम मिळतं?

बाकी नावं भराभर. एल साल्वाडोरचे राष्ट्राध्यक्ष होसे नापोलेओन दुआर्ते इथले १९४८ चे सिव्हिल इंजिनियर. एमी कोनी बॅरेट १९९७ ला कायदा शिकल्या, तिथेच प्राध्यापक झाल्या, २०२० पासून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात. जो मोंटाना फुटबॉलपटू. ही नावं खरी आहेत, पण जीवशास्त्राच्या विद्यार्थिनीला त्यांचा उपयोग नाही.

तुम्ही स्वतः बाई आहात म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगते. नोटर डेमची स्थापना १८४२ ची, फ्रान्सहून आलेल्या होली क्रॉस संघाच्या एदुआर सोरँ या तरुण पाद्र्याने केलेली. पदवीच्या वर्गांत मुलींना प्रवेश मिळाला तो १९७२ मध्ये. म्हणजे १३० वर्षांच्या पदवीधरांच्या यादीत मुली जवळजवळ नाहीत, त्या शिकायच्या शेजारच्या सेंट मेरीज कॉलेजात. जॉर्जटाऊनच्या मुख्य कॉलेजनेही मुलींना दार उघडलं १९६९ मध्येच. तेव्हा यादीत बायका कमी दिसल्या तर त्यावरून आजच्या वर्गाचा अंदाज बांधू नका. १९७२ नंतरची नावं वेगळी काढून वाचा.

हा बदल ज्यांच्या कारकिर्दीत झाला त्या फादर थिओडोर हेसबर्ग यांच्याबद्दल तुमच्या सासऱ्यांना सांगा. १९५२ ते १९८७, सलग ३५ वर्षं ते विद्यापीठाचे अध्यक्ष होते. १९५७ मध्ये अमेरिकेचा नागरी हक्क आयोग स्थापन झाला तेव्हा ते त्याचे सदस्य होते, पुढे अध्यक्ष झाले, आणि निक्सन सरकारच्या धोरणावर उघड टीका केल्यानंतर त्यांना ते पद सोडावं लागलं. १९६७ मध्ये त्यांनी विद्यापीठाचा कारभार पाद्र्यांच्या संघाच्या एकहाती ताब्यातून काढून पाद्री आणि सामान्य नागरिक यांच्या एकत्रित विश्वस्त मंडळाकडे दिला. त्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने कॅथलिक शिक्षणतज्ज्ञांनी एक निवेदन काढलं, की कॅथलिक विद्यापीठालाही विद्येच्या क्षेत्रात बाहेरच्या कुठल्याही सत्तेपासून, चर्चच्या सत्तेपासूनसुद्धा, स्वातंत्र्य हवं. या निवेदनावर कॅथलिकांमध्ये आजही वाद आहे, पण विद्यापीठ कुठल्या वाटेने गेलं हे त्यातून कळतं.

धर्माची शंका रास्त आहे, ती झटकून टाकू नये. माझं उत्तर असं, की धर्मांतराची भीती बाळगायचं कारण नाही, पण धर्म तिथे दिसेल. नोटर डेमला कुठल्याही शाखेच्या विद्यार्थ्याला थिऑलॉजीचे, म्हणजे धर्मशास्त्राचे, दोन अभ्यासक्रम घ्यावे लागतात, तत्त्वज्ञानही असतं. जॉर्जटाऊनला ‘प्रॉब्लेम ऑफ गॉड’ हा पहिल्या वर्षाचा प्रसिद्ध वर्ग आहे, आणि त्यात देव मानावा की नाही यावर भरपूर वाद घालता येतो. नोटर डेमच्या वसतिगृहांत मुलामुलींच्या इमारती वेगळ्या, प्रत्येक इमारतीत चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनागृह, आणि रात्री ठरावीक वेळेनंतर एकमेकांच्या इमारतीत जायला बंदी. माझा अनुभव असा की बडोद्याच्या आईवडिलांना हे वाचून बरं वाटतं आणि मुलींना वाटत नाही. मुलीशी आधीच बोलून घ्या.

आणि प्राध्यापकांची यादी इथे खरोखर उपयोगी पडते. धर्माच्या तत्त्वज्ञानात ज्यांचं नाव जगभर घेतात ते अल्विन प्लँटिंगा १९८२ पासून २०१० पर्यंत नोटर डेमला होते, २०१७ मध्ये त्यांना धर्म-अध्यात्मातल्या कामासाठीचा टेंपल्टन पुरस्कार मिळाला. ते कॅथलिक नव्हेत, प्रोटेस्टंट. जॉर्जटाऊनचे बिल क्लिंटन, १९६८ चे पदवीधर, बाप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या घरातले. इथे मला एक गुरुशिष्याची जोडीही दाखवायची आहे. कॅरल क्विग्ली हे जॉर्जटाऊनचे इतिहासाचे प्राध्यापक. पहिल्या वर्षाला मानवी संस्कृतींच्या उदयास्तावर व्याख्यानं देत. क्लिंटन यांनी १९९२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी स्वीकारताना भर सभेत त्यांचं नाव घेतलं. शिकून इतकी वर्षं झाल्यावर विद्यार्थ्याला त्या वर्गातलं वाक्य आठवतं, तेव्हा समजावं की तिथे शिकवलं गेलं होतं. आपल्याकडे सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबियाला गेलेल्या डॉ. आंबेडकरांनी तिथले आपले शिक्षक जॉन ड्यूई यांचं ऋण आयुष्यभर मानलं, ते याच जातीचं. माजी विद्यार्थी आणि प्राध्यापक या दोन याद्या शेजारी ठेवून अशा जोड्या शोधा. जिथे जोड्या सापडतात तो विभाग जिवंत.

जॉर्जटाऊनच्या यादीबद्दल एक गंभीर गोष्ट सांगायला हवी. जेझुइट नावाच्या कॅथलिक पाद्र्यांच्या संघाच्या या १७८९ च्या संस्थेचं कर्ज फेडायला मेरीलँडच्या जेझुइटांनी १८३८ मध्ये २७२ गुलाम माणसं, पोरंबाळं धरून, लुईझियानाला विकली. व्यवहार करणारे थॉमस मलेडी संस्थेचे अध्यक्ष राहिलेले, त्यांच्या नावाची इमारत होती. विद्यापीठाने स्वतःची कागदपत्रं उघडी केली, २०१७ मध्ये जाहीर माफी मागितली, आणि त्या इमारतीला आयझॅक हॉकिन्स यांचं नाव दिलं, विक्रीच्या कागदावर पहिलं नाव असलेल्या माणसाचं. थोरांच्या यादीत कोण होतं आणि कोणाच्या जिवावर होतं, हे स्वतःहून लिहिणारी संस्था मला जास्त विश्वासाची वाटते.

आता नावं बाजूला ठेवून करायचं काय? नोटर डेमच्या जीवशास्त्र विभागाच्या पानावर जा, आजचे प्राध्यापक बघा, आणि येत्या सत्राच्या वेळापत्रकात पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे वर्ग कोण घेतंय ते तपासा. मोठं नाव फक्त संशोधनाला असेल आणि वर्गावर दुसरंच कोणी, तर तो मोठेपणा तिच्यापर्यंत चार वर्षांत पोहोचणार नाही. गुजरातच्या वाचकाला फादर वालेस माहीत आहेत. मूळचे स्पेनचे, अहमदाबादच्या सेंट झेवियर्समध्ये गणित शिकवत आणि गुजरातीत लिहीत. त्यांची कीर्ती पुस्तकांची, पण त्यांचे विद्यार्थी भेटले की फळ्यावरच्या गणिताबद्दल बोलतात. तुमच्या मुलीला असा फळ्यावर उभा राहणारा माणूस मिळतोय का, ते बघायचं.

नोबेलवाल्यांना कोणी पत्र लिहीत नाही, आणि लिहून उपयोगही नाही. चारपाच वर्षांपूर्वी पदवी घेतलेल्या भारतीय मुलामुलींना लिहा. प्रवेश कार्यालयाला सांगितलं तर ते अशा माजी विद्यार्थ्यांशी गाठ घालून देतात. मुलीने स्वतः लिहावं, तुम्ही नाही. त्यांना तीन गोष्टी विचाराव्यात: प्रयोगशाळेत पहिल्यांदा कधी शिरलात, शिफारसपत्र देण्याइतकं ओळखणारे प्राध्यापक किती होते, आणि हिवाळ्याच्या सुट्टीत वसतिगृह बंद झाल्यावर राहिलात कुठे. हा शेवटचा प्रश्न पालकांना किरकोळ वाटतो, पण साऊथ बेंडच्या बर्फात तो किरकोळ नसतो.

पैशाचं एका वाक्यात: नोटर डेमने २०२४ मध्ये जाहीर केलंय की परदेशी विद्यार्थ्यांच्या प्रवेशातही घरची ऐपत बघणार नाही आणि मदतीच्या पॅकेजमध्ये कर्ज ठेवणार नाही, तेव्हा मदतीचं पत्र आलं असेल तर ते जॉर्जटाऊनच्या पत्राशेजारी ठेवून एकेक ओळ ताडून पाहा.

माझा कल विचाराल तर जीवशास्त्रासाठी नोटर डेमकडे आहे, आणि तो विशाउस यांच्या नोबेलमुळे नाही, तर पदवीच्या मुलांना प्रयोगशाळेत घेण्याच्या जुन्या सवयीमुळे. ती सवय आज टिकून आहे की नाही, हे तिथल्या दोन-तीन मुलांच्या उत्तरांतून आठवड्याभरात कळेल. मुलीचा ओढा सार्वजनिक धोरणाकडे किंवा आरोग्याच्या राजकारणाकडे असेल, तर मात्र वॉशिंग्टन शहरात असण्याला तोड नाही, मग जॉर्जटाऊन. होकार कळवायची मुदत सहसा १ मेपर्यंत असते. पत्रं आजच पाठवायला सांगा, आणि उत्तरं आली की ती घेऊन या. आपण बसून वाचू.